मालकाचा रकाना

नेत्रावळीच्या वळणावर रात्री गुरं बसतात,
डांबरात मुरलेलं दिवसाचं ऊन
पोटाखाली घेऊन रवंथ करतात.
गळ्यात पंचायतीने बांधलेले रेडियमचे पट्टे.
गाडीचा उजेड पडला की आधी पट्टे दिसतात, मग डोळे,
गाय सगळ्यात शेवटी.

माझ्याकडे शीतपेटी, नळ्या, दोरी
आणि खात्याचा फॉर्म. पहिलाच रकाना:
मालकाचे नाव.

चहावाला म्हणाला, आमची नव्हेत.
कायतान म्हणाला, माझी केळी खातात,
म्हणून काय माझी झाली?
पंच म्हणाले, देवाची लिहा.
देवाचं आडनाव विचारायचं राहून गेलं.

एकवीस नळ्या. रात्रभर तिरक्या ठेवल्या.
सकाळी रक्त खाली बसलं, वर पाणी सुटलं,
दह्यावर सुटतं तसं, पिवळसर.
पांढऱ्या फरशीवर त्याचा एक थेंब,
शेजारी एक थेंब गुलाबी औषधाचा,
काडीने एक करायचे आणि चार मिनिटं
फरशी डोलवत बसायचं,
तान्हं मूल मांडीवर डोलवावं तशी.

एकोणीस थेंब गुलाबीच राहिले.
सात आणि अठरा फाटले,
नासक्या दुधासारखे कणकण.

अठरा म्हणजे तांबडी, उजवं शिंग वाकडं,
दसऱ्याच्या सुमाराला गाभडलेली.
कुणी पाहिलं?
धनगरवाड्यावर विचार, म्हणाले.

भागूबाय झोरे भर दुपारी
कांबळं पांघरून उंबऱ्यावर बसली होती.
"सातवा महिना होता रे तिचा. वासरू अर्धं आत, अर्धं बाहेर.
रानात कोण येतंय? घातला हात कोपरापर्यंत.
मेलेलंच होतं.
वार दोन दिवस पडली नाही, तीही मीच काढली.
ओढ्यात हात धुतले."

ताप येतो का, मी विचारलं.
हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

"सांजेला चढतो, पहाटे उतरतो.
मलेरियाचं रक्त चारदा काढलं, काही नाही म्हणतात.
कंबर धरलीय. सून म्हणते,
तुमच्या घामाला ओल्या गवताचा वास येतो."
हसली. "मग आणि कसला येणार?"

सांग्याला नेलं. डॉक्टर फ्लाविया मिनेझिस यांनी रक्त पाठवलं.
आठवड्याने उत्तर आलं,
तांबडीचंच.

सहा आठवडे गोळ्या. लघवी केशरी होईल, घाबरू नका.
दूध उकळूनच प्या.
धारोष्ण फेसावर मुलं वाढवलेली बाई
हे ऐकत होती, परक्या गावचा पत्ता ऐकावा तशी.
मग म्हणाली, "आणि तिला?"
कुणाला?
"तांबडीला. तिच्या गोळ्या कुठे आहेत?"

नसतात. तिला कळपातून वेगळं ठेवायचं असतं.
मारायचं कुणाच्या मनात नाही,
मोकळं सोडणं वहीत बसत नाही,
आणि वेगळं ठेवायला आधी
ती कुणाची तरी असावी लागते.

भागूबायने माझ्या हातातला कागद पाहिला.
"लिही माझं नाव."
दंड येईल, मी म्हणालो, रस्त्यावर गेली तर.
चाऱ्याचं बघावं लागेल. नका.
"ताप माझा झाला," ती म्हणाली,
"मग गाय तेवढी कुणाची रे?"

पौषात गेलो तेव्हा गोठ्यापासून लांब
झावळ्यांचा खोपा होता,
त्यात तांबडी, दाव्याला हिसके देत,
शिव्या दिल्यासारखी माझ्याकडे बघत.
कुंपणावर मी दिलेले लांब हातमोजे वाळत होते,
एका बोटाला भोक पडलेलं.
"काट्यानं," भागूबाय म्हणाली. "दुसरे आण."

गळ्यातला पट्टा तिने काढला नव्हता.
तिथे गाड्या येत नाहीत.

सात नंबर पांढरी आहे, कानाला चीर.
तिच्या फॉर्मवर मी अजून काही लिहिलेलं नाही.
वळणावर गाडी हळू करतो,
पट्टे मोजतो.
कधी ती असते,
कधी नसते.