खालची कड

अकरा वर्षं मी पोरांना सांगत आलोय,
डोळा पातळीत आणा, खालची कड वाचा.
काचेला धरून जरा वर चढतं ते पाणीही खरंच असतं,
पण ते मोजायचं नसतं.

आज रात्री पावणेदोनला
ट्यूबलाइटसमोर धरून बसलोय
बिनसुईची पिचकारी. साडेतीन मिली.
बाहेर कंपूवर असं धुकं
की समोरच्या भदौरियांचा दिवा म्हणजे नुसता पिवळा डाग,
आणि आत निहार, बावीस महिन्यांचा, ताप एकशे दोनच्या वर,
तोंडाचं शटर खाली.

दुकानदार म्हणाला होता, 'हिलाकर देना, भाईसाहब.'
बाटली हलवली.
ती पाहूनच हा हलला.

वृषाली शाल घेते. हात आत, पाय आत,
मांडीवर एक पुरचुंडी बसती होते,
वर नुसतं डोकं आणि संताप.
'गालाच्या बाजूनं सोड. घशात नको.'
'माहितीय.'
'माहितीय तुला. परवा भिंत रंगवलीस.'

भदौरिया चाची संध्याकाळीच सांगून गेल्या,
'नाक दबा दो, अपने आप गटक लेगा.'
डॉक्टर दिघ्यांनी बजावलं होतं, नाक दाबायचं नाही, ठसका लागेल.
मी चाचींना हो म्हटलं, डॉक्टरांनाही हो म्हटलं,
नाक मोकळंच ठेवलंय.

थेंब.
तो थांबतो. चव ओळखतो.
खोक्यावर स्ट्रॉबेरी छापलीय. मीही बोट लावून चाखलं,
स्ट्रॉबेरीला कळलं तर कोर्टात जाईल.
आणखी अर्धा मिली.
गिळलं.
नाही गिळलं. ओठाच्या कोपऱ्यातून गुलाबी रेघ
हनुवटीवर, तिथून मानेच्या वळीत.

हा रंग माझ्या ओळखीचा.
बी.एस्सी.ची पोरं ब्युरेटची तोटी फिरवतात,
शंकुपात्रात गुलाबी उमटतो, ढवळला की जातो,
उमटतो, जातो,
मग एका थेंबाला राहतो.
तिथे थांबायचं आणि वहीत आकडा लिहायचा.

इथे राहिलाय तो झबल्यावर,
वृषालीच्या बाहीवर, माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर.
आत किती गेलं?
कुठली कड वाचू?

'परत देऊ थोडं?'
'मोजल्याशिवाय नको.'
'मग मोज.'
झबलं पिळून मोजता येत नाही.
ती म्हणते, तीन तरी गेलं. मी म्हणतो, अडीच.
भाजीच्या मिठावरूनही आमची कधी इतकी घासाघीस झाली नव्हती.
शेवटी काहीच देत नाही.
कॅलेंडरवर लिहितो: १.५०, साडेतीन,
पुढे प्रश्नचिन्ह.
एखाद्या पोरानं असं लिहिलं असतं
तर वही तोंडावर परत केली असती.

तेवढ्यात पुरचुंडीतून एक हात सुटतो.
मला वाटतं, आता बसणार.
तो पिचकारी ओढून घेतो, रिकामी,
आणि हुंदके देत देत
तीच चोखत बसतो,
मन लावून.

साडेतीनच्या सुमारास माझ्या दंडाला ओल लागते.
घाम.
वृषालीला उठवत नाही.
थर्मामीटर तिच्या उशीखाली आहे.
कपाळावर तळहात ठेवतो. नव्याण्णव असेल.
शंभर असेल.
मानेच्या वळीत गुलाबी वाळून चिकट झालंय,
सकाळी पुसू.