शंभरात सदतीस

बोधडीच्या पुढं डांबर संपतं.
तिथून मारुबाई कुमरेच्या दारापर्यंत
मी आठ झाडांची नावं विचारत गेले.
ती गोंडीत सांगायची,
मी देवनागरीत उतरवायची,
रात्री लॉजवर लॅटिनमध्ये.
दर वेळी थोडं औषध सांडत गेलं असणार.

तिनं धावड्याची साल दिली, जुन्या पेपरात बांधून,
शेवग्याचा पाला,
आणि एक मुळी, जिचं नाव काही सांगितलं नाही.
"तिला नाव घेतलं की लाज वाटती."
मी निघाले तर मागून हाक,
"आन् मूठभर तूर बी ने की.
आमच्या लिंगूला तीच गोड लागती."

लिंगू ओसरीवर पालथा पडलेला.
नऊ वर्षांचा.
दुखतं म्हणजे कसं, मी विचारलं.
म्हणाला, हाडात कुणीतरी लाकडं फोडतंय.
पिवळं कार्ड खिळ्याला अडकवलेलं,
गोकुंद्याच्या दवाखान्यातलं.
तिथल्या डॉक्टरनं समजावलं होतं,
पोराच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.
त्याच दिवशी त्याच्या आईनं
घरातले तिन्ही विळे आढ्यात खोचले.
आता शेजारणीच्या विळ्यानं गवत कापते
आणि दिवस बुडायच्या आत
धुऊन परत करते.

नांदेडच्या प्रयोगशाळेत एसी असतो,
पण तो यंत्रांसाठी.
काचपट्टीवर थेंब,
वर प्राणवायू पिऊन टाकणारं द्रावण,
कडेनं मेण, हवा आत जायला नको.
मग बसून राहायचं.
हळूहळू एकेक पेशी
वाळत्या शेंगेसारखी पीळ खाते.
आता अर्क. आता मोजणी.
धावड्याच्या सालीनं बारा सरळ झाल्या,
शेवग्यानं एकोणीस.
निनावी मुळीनं एकही नाही,
लाजली बहुतेक.
तुरीनं,
आपल्या रोजच्या वरणातल्या तुरीनं,
शंभरात सदतीस.

मी तीनदा मोजलं.
चौथ्यांदा सरांनी मोजलं, पस्तीस म्हणाले,
मग चष्मा पुसत,
"काचेवर गं.
काचेला हाडं नसतात."

मारुबाईचा फोन आला, गुण आला का म्हणून.
मी घाईघाईनं सांगत सुटले,
अजून काही म्हणजे काही सिद्ध नाही,
दवाखान्याची गोळी बंद करू नका,
पाणी पाजत राहा, थंडीत पायात मोजे घाला.
ती ऐकून घेत होती.
"गोळी बंद करतंय कोण?
मीच तर देते रोज, भाकर खाल्ल्यावर.
झाड काय गोळीवर रुसत नसतंय, बाई."

माझ्या पर्समध्येही एक कार्ड आहे,
अर्धं पिवळं, अर्धं पांढरं.
मला काही होत नाही. मी फक्त वाहून नेते.
मारुबाईला ते दाखवायचं राहिलं.
हिंगोलीच्या स्थळाला दाखवलं होतं,
त्यांनी चहा संपवला आणि उठले,
कप मात्र नीट बशीत ठेवला.
वहीत नमुना क्रमांक सात आहे,
नाव नाही, वय आहे.
पहाटे सहाला मीच टोचून घेतलं होतं,
तेव्हा प्रयोगशाळेत फक्त झाडूवाली होती
आणि तिनं काही विचारलं नाही.

पौषात पुन्हा गेले.
चुलीवर मीठ घालून तुरीच्या शेंगा उकडत होत्या.
लिंगू उभा होता, चक्क उभा,
या आठवड्यात दुखलं नव्हतं म्हणे.
का नव्हतं, ते मला लिहिता येणार नाही.
मी त्याला काचेखालची गोष्ट सांगितली,
सगळी, आकड्यांसकट.
त्यानं बोटांवर काहीतरी केलं,
बराच वेळ लावला.
"मंग बाकीच्या त्रेसष्ट?"

मी शेंग सोलत राहिले.
आत पाच दाणे, एक किडका.
तो त्यानं निवडला
आणि कोंबडीपुढं टाकला.