मागची गाडी

सव्वाअकराला फोन वाजतो.
स्टेशनमागच्या सहा खुर्च्यांच्या बारमधून मालकीण सांगते,
कुदोसान निघालेत, किल्ली मी गल्ल्यात टाकलीय,
तुम्ही आल्याशिवाय देणार नाही.

मग आम्ही दोघं निघतो.
शिगेहारू गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीतून घरी नेतो,
मी आमच्या डबड्यातून मागोमाग,
टपावर दिवा, दिव्यावर आमचा नंबर.
योकोते गावात हिवाळाभर हेच आमचं पोट.
शेजारीण म्हणते, मजा आहे, रात्रभर नवराबायको बरोबर.
बरोबर कुठले?
मला नवरा दिसतच नाही.
दिसतात दोन लाल दिवे, दर खेपेला निराळे,
आणि पडणाऱ्या बर्फातून त्यांच्यामागे जायचं, एवढंच.

गिऱ्हाइकं म्हणतात, दोनच तर घेतले होते.
एकजण घर येईपर्यंत हिशेब सांगतो, भाताचा, मुलाच्या फीचा.
एकजण रडतो आणि पैसे जास्त देतो.
शिगेहारू जास्तीचे परत करतो.

अकरा वर्षांपूर्वी तोच पिऊन गाडी घेऊन आला होता.
नऊ किलोमीटर, बर्फातून, एकटा.
मी अंथरुणातून ऐकलं: इंजिन बंद, बूट झटकले, दार.
आला एकदाचा, म्हटलं,
आणि कूस बदलली.

सकाळी डाव्या दिव्याला काच नव्हती.
बंपरला बशीएवढा पोचा.
कशाला धडकलास?
तो नुसता बघत राहिला.
नऊ किलोमीटरमधलं एकही वळण त्याला आठवेना.

रात्रीतून बर्फ सारणारं यंत्र येऊन गेलेलं,
रस्त्याच्या दोन्ही कडांना पुरुषभर भिंती.
तो फावडं घेऊन चालत निघाला.
पुलापलीकडे एक काठी मोडलेली सापडली,
बर्फात कड कळावी म्हणून रोवतात ती, तांबडीपांढरी.
हीच ती, मी म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला.
तो म्हणाला,
काठीमागे कोणी उभं नव्हतं कशावरून?

चौकीत जाऊन त्यानं आपणहून सांगितलं.
कोणी हरवल्याची तक्रार नव्हती.
परवाना गेला, गिरणीतली नोकरी गेली,
त्यानं त्याचं भागेना.
रोज उजाडायच्या आत तो पुलापाशी जाई,
भिंत किती उतरली ते बोटांनी मोजी.
मी डबा बांधून देई. विचारत नसे.

एप्रिलात बर्फ खचला आणि आतून हातमोजा निघाला.
लोकरीचा, मोहरीच्या रंगाचा,
माझ्या तळव्यात मावेल एवढा.
शिगेहारू तिथेच चिखलात बसला.

तिसऱ्या दिवशी मुलगी आली चौकीत, बापाचं बोट धरून,
दुसरीतली, पुढचे दात पडलेली.
डिसेंबरातच बसच्या खिडकीतून पडला होता म्हणे.
शिगेहारू तिच्यापुढे कमरेत वाकला
आणि इतका वेळ वाकलेलाच राहिला
की ती घाबरून बापामागे लपली.

काही झालं नव्हतं.
हे आम्हाला कळायला चार महिने लागले,
आणि त्याला अजून पुरतं कळलेलं नाही.
परवाना परत मिळाला त्या आठवड्यात
त्यानं टपावरचा दिवा विकत आणला.

पूल आला की पुढचे लाल दिवे मंदावतात.
गिऱ्हाइकाला वाटत असेल, चालक सावध आहे.
मीही ब्रेकवर पाय ठेवते,
त्याचं बघून होऊ देते.

कुदोसान दारात दोनदा घसरतात, तिसऱ्यांदा आत जातात.
शिगेहारू पावती त्यांच्या खिशात खोचतो,
माझ्या गाडीत येऊन बसतो, दुसऱ्याच्या साकेचा वास घेऊन,
हात हीटरसमोर धरतो.
वर माडीवर कोणी दिवा लावत नाही.
कुदोबाईंनी ऐकलं असेल: इंजिन बंद, बूट, दार.
कूस बदलली असेल.

बदलू दे.

काच पुन्हा पांढरी झालीय. मी वायपर लावते.
फोन वाजतो.