सापडलेलं

दिवाडीच्या फेरीत, बाकाच्या फटीत सापडला.
काळा पेनड्राइव्ह, करंगळीच्या पेराएवढा,
दोऱ्याला सांत आंतोनीचं पितळी पदक.
हरवलेलं शोधून देणारा सायब,
आणि तोच हरवलेला. मला हसू आलं.

खलाशाला विचारलं, कोणाचा?
त्याने दोर गुंडाळता गुंडाळता खांदे उडवले.
रॅम्प खाली आला, स्कूटर निघाल्या.
मी तो डब्याच्या पिशवीत टाकला.

पतसंस्थेत पोचले तेव्हा नऊला दहा कमी.
वाटलं, आत नाव असेल,
एखाद्या पोरीचा प्रोजेक्ट, उद्या शेवटची तारीख.
(मी स्वतः एकदा हॉलतिकीट मांडवीत पाडलं होतं.)
लावला.

आत एकच फोल्डर : लग्नाचे फोटो.
उघडला. काही नाही.
पुन्हा उघडला.

तीनपर्यंत सगळं नेहमीसारखं.
एर्मेलिंदबायचं व्याज काढलं,
शेणवी मास्तरांची ठेव मोडून दिली.
मग खात्यांची नावं एकेक करून बदलली,
कुणी दारांवरच्या पाट्या उलट्या टांगाव्यात तशी.
शेवटी निरोप, शुद्ध इंग्रजीत :
पैसे किती, कुठे, किती तासांत.

बॅकअप? पर्वरीहून आलेल्या पोराने विचारलं.
होता की. दर शुक्रवारी घेतलेला.
दुसऱ्या पेनड्राइव्हवर.
मशीनलाच लावून ठेवलेला, हरवू नये म्हणून.

अध्यक्ष रुझार फुर्तादो काही बोलले नाहीत,
चष्मा पुसत राहिले. तेच जास्त लागलं.

सतरा दिवस लोक पासबुकं घेऊन येत होते,
प्लास्टिकच्या पिशव्यांतून, एक तर सुक्या सुंगटांच्या डब्यातून.
माझीच निळी शाई, माझ्याच सह्या.
माझंच अक्षर डोळ्यांजवळ धरून
मी सगळे आकडे परत भरले.

लोक विचारतात, आमिष काय होतं?
पैसा नाही हो, बक्षीस नाही.
परत देऊन टाकायची घाई.
ज्याने टाकला त्याला ठाऊक होतं का,
इथे लोक वस्तू परत करतात?
की त्याचाही खरंच हरवला,
आणि आत काय बसलंय ते त्यालाही माहीत नव्हतं?

आता मशीनच्या भोकांत एम-सील आहे.
ड्राइव्ह पोलिसांनी पाकिटात घालून नेला.
पदक पंचनाम्यात नको म्हणाले, दोरा कापून दिलं.
ते माझ्या ड्रॉवरमध्ये, स्टॅम्पपॅडशेजारी.

फेरीत मी अजून बाकाखाली बघते.
काल एक छत्री होती, लाल, नवीच.
खलाशाला दाखवली.
हात लावला नाही.