दुधात कापलेलं तांबं

तांबं लेथवर चिकट वागतं.
पितळ खडखडीत बोलून मोकळं होतं,
हे मात्र हत्याराच्या टोकाला लोंबत राहतं,
निघतो निघतो म्हणत
दारात तासभर उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखं.

म्हणून मी त्याच्यावर दूध ओतते.
साधं, सायीचं, उरलेलं.
हे वेकोनं शिकवलं,
बस डेपोत माझ्या गाडीचे ब्रेक बघता बघता.
तेल नको, म्हणाला, तांब्याला दूध लागतं.
का, ते त्याला माहीत नव्हतं.
मलाही नाही.
दोन दिवसांनी तळघर आंबतं, एवढं माहीत आहे.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
आता गुडघे नाही म्हणतात, हात नाही म्हणत नाहीत.

या गावाखाली माझ्या आजोबांनी तांबं खणलं,
फिनलंडहून आलेला माणूस,
मैलभर खोल, टोपीला कार्बाइडचा दिवा.
खाण बुजली. पाणी भरलं.
मला तांबं कुरियरनं येतं,
हातभर कांडी, पुठ्ठ्यात गुंडाळलेली.
कुठल्या देशाच्या पोटातलं, ते पावतीवर नसतं.

ऑस्मो माझा भाचा. विजेच्या खांबांवर चढतो.
वादळात तारा तुटल्या की रात्री दोनला निघतो.
त्याची टॉर्च तीन मिनिटांत मिणमिणायची.
एलइडी तापतो, मावशी, म्हणाला,
आणि जिवाच्या भीतीनं स्वतःच मान खाली घालतो.

उघडून पाहिली. आत पत्र्याची पोकळ वाटी,
उष्णतेला जायला वाटच नाही.
तिथे सबंध तांब्याचा गोळा हवा,
मधोमध एक ओटा, त्यावर एलइडीचा डाग,
बाजूला दोन तारांसाठी दोन भोकं,
तळाशी बारीक आटे.

पहिला तुकडा टॅपनं खाल्ला.
शेवटचा अर्धा फेरा, आणि टक्.
आवाज एवढासा,
पण मी स्टुलावर बसून राहिले
दुधाचा थेंब कोपरापर्यंत ओघळेतोवर.
तो तुकडा आता खिडकीत आहे,
पोटात मोडलेलं पोलाद घेऊन.

दुसरा जमला.
मापात दोन शतांश जास्त ठेवला, मुद्दाम.
मग खिडकी ढकलून बाहेरच्या बर्फात पुरला,
आणि टॉर्चचं ॲल्युमिनियम ओव्हनमध्ये,
रायच्या पावाशेजारी.
एक आखडलं, एक सैलावलं.
चिमट्यानं धरून सोडला
तर अलगद जाऊन बसला.
श्वास घेतला तेवढ्यात दोघांनी एकमेकांना धरलं.
आता हातोडीनंही निघायचा नाही.

ऑस्मोनं हातात तोलून पाहिली.
नाकापेक्षा मोती जड, मावशी.
मी म्हटलं, चढ की मग नाक घेऊन.

फेब्रुवारीतल्या त्या रात्री उणे सव्वीस होतं.
गावभर अंधार, माझा लेथही मेलेला.
स्वयंपाकघरातून मला दिसला
टेकडीवर, खांबाच्या उंचीवर, एक पांढरा ठिपका.
तीन मिनिटं झाली.
चहा निवला. वीस झाली.
मी काही मोजत नव्हते,
फक्त घड्याळासमोर बसले होते.

सकाळी आला, भुवयांना बर्फ.
उजेडाचं एक अक्षर बोलला नाही.
म्हणाला, मावशी, ही गरम होते.
गाठ मारायला हातमोजे काढावे लागतात,
मग दोन मिनिटं हिला मुठीत धरायचं,
बोटं परत येतात.

मी आयुष्यात ती उष्णता
हाकलायचीच म्हणून कोरत होते.

त्याला आणखी चार हव्यात, खांबांवरच्या पोरांसाठी.
पॉलिश करू नकोस, म्हणाला,
आमची बोटं उठलेली बरी दिसतात.
पैशांचं विचारलं. मी दुधाचं बिल सांगितलं.

तळाच्या ट्रेमध्ये तांबूस किसाचं दही झालंय.
ते काढायचंय.
वेकोचा हात आता थरथरतो, नाहीतर बोलावलं असतं.
कांडी चकमध्ये लावते.
फ्रिजमध्ये बघायला हवं, साय आहे का.