आधी काळी, मग करडी

फाटकातून आत आलं की डाव्या हाताला पाटी.
सोळा उन्हाळे ती मीच रंगवतोय.
मासळीची आतडी पाण्यात टाकू नका.
राखेवर पाणी ओता, हात ठेवून बघा, पुन्हा ओता.
खरकटं झुडपात नको,
अस्वलाला नाक आहे, घड्याळ नाही.
हे शेवटचं माझं. ऑफिसनं दोनदा खोडायला सांगितलं.

कचऱ्याचे डबे लोखंडी. झाकणाखाली हात घालून
आतली कडी दाबावी लागते.
अस्वलाला ती जमत नाही,
टोरांटोच्या निम्म्या लोकांनाही नाही.
मग पिशव्या डब्याशेजारी बसून राहतात
बस चुकलेल्या माणसांसारख्या.

त्याच्या पलीकडे उताराला डम्प स्टेशन:
सिमेंटचा ओटा, मधोमध भोक,
भोकाला पायानं उघडायचं झाकण,
दोन नळ. एक पिण्याचा, दुसऱ्याला गंजाचं पाणी.
रविवारी अकराला इथं रांग लागते.
सुट्टी संपली की ज्याचं त्याला
चार दिवसांचं ओतून जावं लागतं.
बोटींच्या, हॉकीच्या, पेट्रोलच्या भावाच्या गप्पा चालतात,
नजर मात्र सगळ्यांची लांब,
लेक सुपीरियरच्या पाण्यावर.

ऑगस्टातल्या अशाच एका रविवारी
ओरेस्ट हलुश्चाकनं ट्रेलर ओट्याला लावला.
मॅनिटोबाची नंबरप्लेट, अकरा नंबरची जागा, दरवर्षीची.
इंचभर इकडेतिकडे नाही, असा लावला.
मग उतरला
आणि पाइपकडे बघत उभा राहिला.
मागच्यानं हॉर्न दिला.
त्याच्याही मागच्यानं दिला.

"रेइनो," तो म्हणाला, "हे स्टेफ्का करायची.
चाळीस वर्षं मी स्टिअरिंगवरून नुसतं विचारायचो,
झालं का?"

मी हॉर्नवाल्यांना हात दाखवला.
कुठलं बोट वर होतं ते सांगत नाही.

पाइपचे आटे बसवले, टोक भोकात सोडलं,
वर दगड ठेवला, उडू नये म्हणून.
"आधी काळी टाकी. संडासाची.
ती पुरती रिकामी होऊ दे.
मग करडी, भांड्यांची, आंघोळीची.
साबणाचं पाणी मागून येतं, पाइप धुऊन नेतं.
उलटं केलंस तर घाण तुझ्याबरोबर घरापर्यंत."

तो गुडघे धरत वाकला.
दोन्ही खटक्यांवर चिकटपट्टी, बायकोच्या अक्षरात.
एकावर १, एकावर २.
२ च्या खाली बारीक, युक्रेनियनमध्ये, काहीतरी.
वाचून तो नाकातून हसला, एकदाच.
मी अर्थ विचारला नाही.

खणात तिचे पिवळे रबरी हातमोजे होते.
त्याचा पंजा मनगटाशीच अडला.
ओढून पाहिलं, फुंकून पाहिलं,
शेवटी उघड्या हातानंच पहिला खटका खेचला.
धडधडत गेलं सगळं. वास आला. यायचाच.
तोंड फिरवलं नाही त्यानं.
मग दुसरा. आवाज बदलला,
पातळ झाला, मग नुसती गुळगुळ.

पाटीवरचा सहावा नियम:
पिण्याच्या नळाखाली काहीही धुऊ नये.
जाड अक्षरात आहे. लाल रंगात आहे.
ओरेस्टनं न वापरलेले ते मोजे
पिण्याच्याच नळाखाली धरले,
आतून धुतले, बाहेरून धुतले,
आरशाच्या दांडीला चिमट्यानं अडकवले,
बोटं खाली करून.

पाटी माझ्या पाठीशी होती.
मी वळलो नाही.
तो गेल्यावर नळाची तोटी ब्लीचनं दोनदा पुसली,
तेवढं तर करावंच लागतं.

"पुढे घे," म्हटलं पुढच्याला.
नवी कोरी गाडी, स्टिअरिंगवर तरणा पोरगा.
दुसऱ्या दारानं बायको उतरली,
दातांत मोजा धरून दुसरा चढवत.
पोरानं काच खाली केली.
अजून पाइपसुद्धा काढला नव्हता तिनं.