दोन महिने धुवायचं नाही

गार्थच्या शेजाऱ्याने पिंजरा दारात ठेवला
आणि चढावरून धापा टाकत निघून गेला.
आत जुन्या स्वेटरच्या बाहीत मुटकुळं : बॉबिन.
फेरेट म्हणे. ना धड मांजर, ना धड उंदीर.
वास मात्र धडधाकट,
ओल्या पोत्यांचा, मधाचा, तांब्याच्या नाण्यांचा,
आणि माझ्या भावाच्या जाकिटाचा.

अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
कारण विचाराल तर आईचं शिवणयंत्र.
खरं म्हणजे यंत्र नव्हे,
पण तसंच सांगायची सवय झालीये.

फोन आला तो बर्नलीच्या इस्पितळातून. खुबा मोडलाय त्याचा.
"पाणी कोमट नको," तो म्हणाला. कशी आहेस वगैरे काही नाही.
"तिचं अंग आपल्याहून गरम असतं.
तुला जरा जास्त वाटेल, इतपत ऊन हवं."

सिंकमध्ये टॉवेल अंथरला, तिचे पाय घसरू नयेत म्हणून.
फोन पावाच्या डब्याला टेकवला.
पाण्यात उतरताच बॉबिन दुप्पट लांब झाली,
हातातून सुटली, नळावर चढली,
माझ्या बाहीत शिरली ती थेट गळ्यापाशी निघाली,
साबणासकट.
"हसतेयस का, विनी?"
"शिंकले," मी म्हणाले.

"कानात काडी खोल घालू नकोस."
कापसाला गंजासारखं मेण लागलं.
"आता नखं. पोटावर तेलाचा थेंब टाक,
ती चाटत बसली की उरकून घे.
नखात गुलाबी रेघ दिसते ना? तिच्या अलीकडे थांब."
तेल सार्डिनच्या डब्यातलं. ती चाटत राहिली,
मी चष्मा नाकावर ओढून कापत राहिले.
वीस नखं, आणि वीसही वेळा अलीकडे थांबले.
आम्हा हिंडल लोकांत हे तसं नवीनच.

मग टॉवेलातून बाणासारखी सुटली,
पाठीची कमान करून, शेपटीचा ब्रश फुलवून
तिरकी तिरकी नाचत, खुर्चीला धडकत,
कोंबडीसारखी कुटकुटत
गेली ती कोपऱ्यातल्या चादरीखाली.
खालचं पायटं हललं.
खटक. खट खटक.

फोनवर शांतता. दूर कुठेतरी ट्रॉली खडखडली.
"अजून आहे तुझ्याकडे," तो म्हणाला.
"पट्टा तुटलाय."
"पट्टा मिळतो. चामड्याचा. कोल्नच्या बाजारात."
"ठाऊक आहे मला."
ठाऊक नव्हतं.

रात्री पाहते तर वास परत आलेला,
सकाळपेक्षा दुप्पट.
मी आपणहून फोन लावला. हे लिहून ठेवते,
उद्या तो म्हणेल त्यानेच लावला.
"वाढणारच," तो म्हणाला. "तेल धुऊन काढलंस,
आता अंग नवं तेल घाईघाईने सोडतंय.
दोन महिने धुवायचं नाही."
"दोन महिने?"
"ऑगस्टपर्यंत."
मग बराच वेळ आम्ही दोघं
ऑगस्टबद्दल काही बोललो नाही.

कॅलेंडरवर लिहिलं : बॉबिन, आंघोळ.
आधी पेन्सिलने,
मग त्याच अक्षरांवरून पेनने.

सकाळी पेन सापडेना.
सोफ्याखाली वाकून पाहिलं :
एक मोजा, बटाट्याची साल,
आईचं अंगुस्तान,
आणि पेन चावत बसलेली ती,
स्वच्छ, चकचकीत, घाण वासाची.